विश्लेषण : येशू ख्रिस्तांच्या जन्माचे साल पाच वर्षांनी चुकले? केप्लर यांनी हे गणित कसे मांडले?

२१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी आकाशात एकमेकांच्या इतके जवळ आले, की नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्या अनेकांना तो एकच तेजस्वी ठिपका वाटला. जगभरातील बातम्यांत त्याला ‘ख्रिसमस स्टार’ असे नाव मिळाले. गुरू-शनी युतीचा येशू ख्रिस्तांच्या जन्माशी संबंध जोडला जातो, त्यामागे योहानेस केप्लर यांचे गणित आहे. ग्रहगतीच्या तीन नियमांमुळे केप्लर सगळ्यांना शाळेपासून माहीत असतात. पण येशूंचा जन्म नेमका कोणत्या वर्षी झाला, या प्रश्नावरही त्यांनी जवळपास दहा वर्षे लिखाण केले. आपण वापरतो त्या सनाचा आरंभ पाच वर्षांनी चुकला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या चर्चने मात्र त्यांना प्रभुभोजनाच्या विधीला येण्यास बंदी केली. हे सगळे कसे घडले, ते समजून घेऊ.

केप्लर कोण होते?

केप्लर यांचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी आजच्या जर्मनीतील वाइल डेर श्टाट या छोट्या गावात झाला. वडील भाडोत्री सैनिक होते. ते लढाईवर जात, परत येत आणि अखेर कायमचे निघून गेले. आई काटारिना जडीबुटीची औषधे देत असे. लहानपणी देवी आल्याने केप्लर यांची नजर कायमची अधू झाली. १५७७ मध्ये आईने त्यांना उंचावर नेऊन धूमकेतू दाखवला होता.

तारखांचा हिशेब करण्याची सवय त्यांना तरुणपणापासूनच होती. स्वतःच्या पत्रिकेसाठी त्यांनी आपली गर्भधारणा कोणत्या दिवशी आणि किती वाजता झाली, याचेही गणित मांडले. त्यांच्या हिशेबाने ते आईच्या पोटात २२४ दिवस, ९ तास आणि ५३ मिनिटे होते, म्हणजे त्यांचा जन्म वेळेआधी झाला होता.

ट्युबिंगन विद्यापीठात ते ल्यूथरपंथी पाळक होण्यासाठी शिकत होते. तिथे मायकेल मेस्टलिन या प्राध्यापकांकडून त्यांना कोपर्निकसचा सूर्यकेंद्री सिद्धांत समजला. शिक्षण पूर्ण होण्याआधीच, १५९४ मध्ये, त्यांना ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे गणिताचे शिक्षक म्हणून पाठवण्यात आले. पाळक होण्याचा विचार मागे पडला. धर्मग्रंथांचा अभ्यास मात्र कधीच सुटला नाही.

दोन कॅलेंडरांची अडचण काय होती?

ग्राट्समध्ये केप्लर यांच्याकडे दरवर्षी पंचांगासारखे कॅलेंडर तयार करण्याचेही काम होते. त्या वेळी युरोपात दोन कॅलेंडरे चालत. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जुन्या ज्युलियन कॅलेंडरातील चूक दुरुस्त करताना दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. कॅथलिक प्रदेशांनी हा बदल स्वीकारला. प्रोटेस्टंट प्रदेशांनी पोपचा निर्णय म्हणून तो नाकारला.

त्यामुळे केप्लर यांच्या माहेरच्या प्रांतात एक तारीख असे आणि नोकरीच्या गावी दहा दिवस पुढची. स्वतः ल्यूथरपंथी असूनही नवे कॅलेंडर आकाशाशी अधिक जुळते, असे त्यांचे मत होते. कोणी सांगितले यापेक्षा हिशेब बरोबर आहे का, हे ते पाहत. पुढे येशूंच्या जन्मसालाबाबतही त्यांनी हेच केले.

१६०० मध्ये ग्राट्समधील प्रोटेस्टंटांना कॅथलिक व्हा किंवा शहर सोडा, असा हुकूम निघाला. केप्लर यांनी शहर सोडले. ते प्रागजवळ टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाकडे कामाला गेले. ऑक्टोबर १६०१ मध्ये टायको यांचे निधन झाले आणि केप्लर सम्राट रुडॉल्फ दुसरा याचे राजगणिती झाले. पद मोठे होते, पण पगार बहुतेक वेळा थकलेला असे.

येशूंच्या जन्मसालाचा प्रश्न कसा समोर आला?

गुरू आणि शनी यांची युती साधारण दर २० वर्षांनी होते. या युती सुमारे २०० वर्षे एका गटातील तीन राशींतच होत राहतात, मग पुढच्या गटात जातात. पूर्ण चक्र सुमारे ८०० वर्षांचे. डिसेंबर १६०३ मध्ये धनू राशीत युती झाली आणि मेष-सिंह-धनू या अग्निराशींचा नवा फेरा सुरू झाला. ज्योतिषांच्या दृष्टीने ही मोठी घटना होती. ८०० वर्षे मागे गेले तर सम्राट शार्लमेनचा काळ लागतो आणि आणखी ८०० वर्षे मागे येशू ख्रिस्तांचा.

१६०४ च्या शरद ऋतूत मंगळही या दोन ग्रहांजवळ आला. नेमक्या त्याच भागात, भुजंगधारी तारकासमूहात, ऑक्टोबरमध्ये एक नवाच तेजस्वी तारा दिसू लागला. प्रागमध्ये ढग असल्याने केप्लर यांना तो १७ ऑक्टोबरला पाहता आला. वर्षभर त्यांनी त्याच्या नोंदी ठेवल्या. हा तारा म्हणजे ताऱ्याचा स्फोट होता, हे आज आपल्याला माहीत आहे. ‘केप्लरचा सुपरनोव्हा’ असेच त्याचे नाव पडले.

दरम्यान, ज्या ग्राट्समधून केप्लर यांना हाकलण्यात आले होते, तिथेच लॉरेंटियस सुस्लिगा या पोलिश जेझुइट अभ्यासकाचा प्रबंध १६०५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रचलित सनात चार वर्षे कमी पडतात, म्हणजे येशूंचा जन्म मानला जातो त्यापेक्षा चार वर्षे आधी झाला, असे त्यात म्हटले होते. लेखक विरोधी पंथाचा होता. तरीही केप्लर यांनी प्रबंध वाचला आणि १६०६ मध्ये नव्या ताऱ्यावरील आपल्या पुस्तकाला त्यावरचे एक प्रकरण जोडले. सुस्लिगा यांची दिशा बरोबर आहे, पण चार नव्हे तर पाच वर्षे हवीत, असे त्यांचे मत होते.

इसवी सन मुळात ठरला कसा?

येशूंच्या काळात इसवी सन नव्हता. रोममध्ये सम्राटाच्या राज्यारोहणापासून किंवा त्या वर्षीच्या अधिकाऱ्यांच्या नावाने वर्षे सांगत. यहुदी लोकांचे महिने चंद्रावर चालत. शके आणि इसवी सन यांत ७८ वर्षांचा फरक धरून तारीख काढताना चैत्र केव्हा सुरू होतो हे पाहावे लागते. तसाच, पण त्याहून बराच किचकट हिशेब या जुन्या नोंदी जुळवताना करावा लागतो.

इ.स. ५२५ मध्ये रोममधील डायोनिसियस एग्झिग्वस नावाच्या मठवासीयाने ईस्टरच्या तारखांचे कोष्टक तयार केले. तोपर्यंत अशा कोष्टकांत रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या नावाने वर्षे मोजत. या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता. म्हणून डायोनिसियसने येशूंच्या जन्मापासून वर्षे मोजायला सुरुवात केली. पुढे आठव्या शतकात इंग्लंडमधील इतिहासकार बीड याच्या लेखनामुळे ही पद्धत युरोपभर पसरली.

या मोजणीत शून्य वर्ष नाही. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते. कोडिंग करणाऱ्यांना एकने चुकणारी मोजणी ओळखीची असते. इतिहासाच्या हिशेबातही ती चूक सहज होते. मात्र केप्लर ज्या चुकीबद्दल बोलत होते, ती याहून मोठी होती.

शुभवर्तमानांत कोणती कालनोंद आहे?

बायबलच्या नव्या करारात येशूंच्या जीवनाची मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी चार शुभवर्तमाने आहेत. त्यांत एकाही घटनेचे साल आजच्या अर्थाने दिलेले नाही. पण काही ठिकाणी राजे आणि अधिकारी यांची नावे येतात. तेच दुवे आहेत.

जन्माची कथा मत्तय आणि लूक या दोघांतच आहे. मत्तयनुसार येशूंचा जन्म हेरोद राजाच्या काळात झाला. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी तारा पाहिला होता. त्यांच्याकडून समजलेल्या वेळेनुसार हेरोदने बेथलेहेम परिसरातील दोन वर्षांच्या आतील मुलगे मारण्याचा हुकूम दिला. म्हणजे हेरोद वारला त्या वेळी येशू तान्हे बाळ नसून वर्ष-दोन वर्षांचे असू शकतात.

लूकनुसार जन्माच्या वेळी शिरगणती सुरू होती आणि सीरियाचा अधिकारी क्विरिनियस होता. लूक पुढे आणखी एक महत्त्वाची नोंद देतो. सम्राट टायबेरियसच्या १५ व्या वर्षी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने उपदेश सुरू केला. टायबेरियस इ.स. १४ मध्ये गादीवर आला, म्हणजे हे वर्ष इ.स. २८-२९ च्या आसपासचे ठरते. कार्य सुरू केले तेव्हा येशू सुमारे ३० वर्षांचे होते, असेही लूक सांगतो. ‘सुमारे’ या शब्दामुळे दोन-चार वर्षांची जागा राहते.

हेरोदचा मृत्यू इतका महत्त्वाचा का?

येशूंचा जन्म हेरोद जिवंत असताना झाला असेल, तर हेरोद केव्हा वारला ते कळले की जन्माची शेवटची मर्यादा मिळते. हेरोदची माहिती पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या ग्रंथांत आहे.

जोसेफसच्या हिशेबातून दोन मार्ग निघतात. पहिला मार्ग राज्यकालाचा. हेरोदचा मुलगा फिलिप टायबेरियसच्या २० व्या वर्षी, ३७ वर्षे राज्य करून वारला. उलटे मोजत गेले की त्याच्या राज्याची सुरुवात, म्हणजेच हेरोदचा मृत्यू, इ.स.पू. ४ च्या आसपास येतो.

दुसरा मार्ग ग्रहणाचा. हेरोदच्या मृत्यूच्या थोडे आधी चंद्रग्रहण झाले आणि त्याच्या मृत्यूनंतर वल्हांडण सण आला, असे जोसेफस सांगतो. माणसाच्या आठवणीत चूक होऊ शकते, पण ग्रहणाचे गणित मागे नेता येते. इ.स.पू. ४ मध्ये १३ मार्चला खंडग्रास चंद्रग्रहण झाले होते आणि वल्हांडण पुढच्याच महिन्यात होता. दोन्ही मार्ग एकाच वर्षाकडे येतात. मग डायोनिसियसच्या मोजणीनुसार येशूंचा जन्म हेरोदच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी झाला असे निघते, आणि ते मत्तयच्या कथेशी जुळत नाही.

यात लूकमधील शिरगणतीची अडचण मात्र राहते. जोसेफसनुसार क्विरिनियसची शिरगणती इ.स. ६ मध्ये झाली, म्हणजे हेरोदच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी. ही फट कशी भरायची, यावर आजही एकमत नाही. लूककडून शिरगणतीचा काळ चुकला असावा, असे बहुतेक आधुनिक अभ्यासकांना वाटते.

ताऱ्याबद्दल केप्लर यांचे म्हणणे काय होते?

केप्लर यांनी गुरू-शनी युतीचे गणित मागे नेले. इ.स.पू. ७ मध्ये मीन राशीत हे दोन ग्रह एकाच वर्षात तीन वेळा जवळ आले होते आणि पुढच्या वर्षी मंगळही तिथे आला होता. १६०३-०४ मध्ये आकाशात घडलेला क्रम त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आधी युती, मग मंगळ आणि त्यानंतर नवा तारा. येशूंच्या जन्माच्या सुमारासही असाच नवा तारा दिसला असावा, असे त्यांनी मांडले.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. युती म्हणजेच बेथलेहेमचा तारा, असे केप्लर म्हणाले नव्हते. त्यांच्या मते तारा वेगळा होता आणि युती ही त्याची पूर्वसूचना होती. शिवाय इ.स.पू. ७ मध्ये दोन ग्रहांतील अंतर सुमारे एक अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या दुप्पट होते. ते कधीच एका ठिपक्यासारखे दिसले नसते. २०२० मध्ये हे अंतर चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाचव्या भागाइतकेच होते.

ग्रह जवळ आल्याने नवा तारा जन्मत नाही, हे आज स्पष्ट आहे. म्हणजे ताऱ्याबद्दलचा केप्लर यांचा तर्क टिकला नाही. हेरोदवर आधारलेला हिशेब मात्र टिकला.

चर्चने त्यांना दूर का ठेवले?

१६११ हे वर्ष केप्लर यांच्यासाठी फार वाईट गेले. सहा वर्षांचा मुलगा फ्रीडरिख देवीने गेला. काही महिन्यांनी पत्नी बार्बरा यांचेही निधन झाले. सम्राट रुडॉल्फला बोहेमियाची गादी सोडावी लागली आणि जानेवारी १६१२ मध्ये तोही वारला. केप्लर ऑस्ट्रियातील लिंट्स येथे आले.

तिथे त्यांनी ल्यूथरपंथी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी घेण्याची इच्छा व्यक्त केली. पाळक डॅनियल हिट्सलर यांनी आधी पंथाच्या १५७७ च्या मतैक्यपत्रावर बिनशर्त सही मागितली. ख्रिस्ताचे शरीर सर्वत्र उपस्थित असते, हे त्यातील मत केप्लर यांना पटत नव्हते. वेगळे मत असणाऱ्या कॅल्व्हिनपंथीयांचा धिक्कार करण्याचीही त्यांची तयारी नव्हती. आपले आक्षेप नोंदवून सही करायला ते तयार होते, पण ते मान्य झाले नाही. त्यांनी श्टुटगार्टच्या धर्ममंडळाकडे दाद मागितली. मंडळाने पाळकाचीच बाजू घेतली.

या बंदीचा येशूंच्या जन्मसालाशी थेट संबंध नव्हता. पण दोन्ही ठिकाणी केप्लर यांची अडचण एकच होती. न पटलेल्या गोष्टीवर केवळ आपल्या पंथाची आहे म्हणून सही करणे त्यांना जमत नव्हते. कॅथलिक होऊन त्यांना पद आणि स्थैर्य मिळाले असते. तेही त्यांनी केले नाही.

या दिवसांतच त्यांनी येशूंच्या जन्मसालावरचे सविस्तर काम पूर्ण केले. १६१३ मध्ये त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी जर्मन भाषेत पुस्तक काढले. फरक एखाद्या वर्षाचा आहे असे म्हणणारे वैद्य हेलिसेउस रॉस्लिन यांना त्यात उत्तर होते. येशूंचा जन्म प्रचलित सनाच्या आरंभाआधी पूर्ण पाच वर्षे झाला, असे पुस्तकाच्या लांबलचक नावातच लिहिले होते. १६१४ मध्ये विद्वानांसाठी लॅटिन पुस्तक आले आणि १६१५ मध्ये या विषयावरील पत्रव्यवहार त्यांनी छापला. १६१३ मध्येच सम्राट मथियासने त्यांना रेगेन्सबुर्ग येथील सभेत कॅलेंडरवर सल्ला देण्यासाठी बोलावले. प्रोटेस्टंटांनी तेव्हाही नवे कॅलेंडर नाकारले. जर्मनीतील प्रोटेस्टंट प्रदेशांनी ते स्वीकारायला १७०० साल उजाडले.

आईवरचा खटला काय होता?

१६१५ मध्ये केप्लर यांच्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप झाला. शेजारणीशी झालेल्या भांडणातून सुरू झालेले प्रकरण वाढत गेले. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या बाईला अटक झाली आणि साखळदंडात ठेवण्यात आले. केप्लर काम सोडून तिच्यासाठी धावले. त्यांनी बचावाची कागदपत्रे तयार केली, साक्षीदारांच्या जबान्यांमधील विसंगती दाखवल्या. छळाची हत्यारे समोर दाखवूनही आईने गुन्हा कबूल केला नाही. चौदा महिन्यांनी तिची सुटका झाली. पुढच्याच वर्षी ती वारली.

याच काळात, १६१९ मध्ये, केप्लर यांचा ग्रहगतीचा तिसरा नियम प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ट्युबिंगनच्या धर्मपंडितांनीही त्यांच्यावरील बंदी कायम ठेवली. ज्या विद्यापीठात ते पाळक होण्यासाठी शिकले, तिथूनच हा निर्णय आला.

अखेर कशी झाली?

१६२७ मध्ये केप्लर यांनी ‘रुडॉल्फाइन टेबल्स’ ही ग्रहस्थितीची कोष्टके छापली. मागच्या-पुढच्या कोणत्याही तारखेला ग्रह कुठे असतील, हे त्यातून पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक काढता येऊ लागले. तीस वर्षांचे युद्ध सुरू होते. थकलेली येणी मिळावीत म्हणून १६३० मध्ये ते रेगेन्सबुर्गला गेले, तिथे आजारी पडले आणि १५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. गावाबाहेरच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. पुढच्या काही वर्षांतच युद्धात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली. त्यांची कबर आज अस्तित्वात नाही.

आज अभ्यासक काय मानतात?

जन्म : हेरोदचा मृत्यू इ.स.पू. ४ मध्ये झाला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. काही जण दुसऱ्या एका ग्रहणाच्या आधारे इ.स.पू. १ सुचवतात. येशूंचा जन्म साधारण इ.स.पू. ६ ते ४ या काळात झाला असावा, असे बहुतेक संदर्भग्रंथांत आढळते. केप्लर यांचा निष्कर्ष याच टप्प्यात बसतो. २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानांत नाही. ती रोममध्ये चौथ्या शतकातील नोंदीत आढळते.

कार्यकाळ : योहानाच्या शुभवर्तमानात तीन वल्हांडण सणांचा उल्लेख आहे, तर इतर तिघांत येशूंच्या कार्यकाळातील एकच येतो. त्यामुळे हा काळ एक वर्षाचा की दोन-तीन वर्षांचा, यावर मतभेद आहेत.

मृत्यू : पोंतियस पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहुदियाचा अधिकारी होता. वधस्तंभाची घटना शुक्रवारी, वल्हांडणाच्या सुमारास घडली, यावर चारही शुभवर्तमानांचे एकमत आहे. शेवटचे भोजन वल्हांडणाचेच होते की सण दुसऱ्या दिवशी होता, यावर मात्र नाही. चंद्राच्या गणितावरून ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३ या दोन तारखा सर्वाधिक चर्चेत असतात. आयझॅक न्यूटन यांनीही हा हिशेब केला होता आणि त्यांचा कल इ.स. ३४ कडे होता.

चूक दिसली तरी कॅलेंडर कोणी बदलले नाही. जगभरातील करार, जन्मनोंदी आणि इतिहासाच्या तारखा याच सनावर उभ्या आहेत. त्यामुळे प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर आजही डायोनिसियसने मोजलेलेच साल दिसते. केप्लर यांच्या हिशेबाप्रमाणे त्यात पाच मिळवले, तर येशूंच्या जन्माला खरोखर किती वर्षे झाली, याच्या आपण अधिक जवळ जातो.